व्हाईसच्या डिझाइनची नक्कल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत गेली वीसेक वर्षं मी मिलिंग व्हाईस, म्हणजे मिलिंग मशीनवर वस्तू जबड्यांत घट्ट पकडून ठेवणारं साधन, बनवतो. या धंद्यात 'अमक्याने माझा व्हाईस उचलला' ही तक्रार दर दोन-चार महिन्यांनी कानावर येते, आणि लोक मला फोन करून तेच ते प्रश्न विचारतात. मी वकील नाही. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा कायदा समजून घ्यावा लागला आणि बरंच काही उशिरा कळलं. तुम्हाला ते वेळेत कळावं म्हणून हे लिहिलंय. दावा लावायची वेळ आलीच, तर या विषयातला वकील गाठा.

सगळेच मिलिंग व्हाईस एकसारखे दिसतात. मग मुळात नक्कल कोणी कोणाची केली?

आधी हे बघू, कारण निम्म्या भांडणांचं मूळ इथेच आहे.

साध्या व्हाईसमध्ये स्क्रू खाली, बेडमध्ये असतो आणि जॉब, म्हणजे मशीनवर घडवायची वस्तू, वर, जबड्यांच्या मध्ये. हँडल आवळलं की जॉब हलत्या जबड्याला वरच्या बाजूने मागे रेटतो, जबडा किंचित कलतो आणि जॉबला घेऊन वर उचलला जातो. जॉबखालची पॅरलल, म्हणजे आधाराची सपाट पट्टी, बोटाने हलली की ऑपरेटर समजतो आणि नायलॉनची हातोडी घेऊन जॉब ठोकून बसवतो. मिलिंगवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने हे केलेलं आहे.

अमेरिकेत मिनियापोलिसच्या कर्ट कंपनीने 'अँगलॉक' नावाने यावर उत्तर काढलं. स्क्रूवरच्या नटाला तिरका पृष्ठभाग असतो आणि तो जबड्याच्या आत एका अर्धगोल तुकड्यावर दाबतो. नट ओढला जातो तेव्हा जबडा पुढे जातोच, शिवाय खालीही दाबला जातो. कंपनी सांगते की पुढच्या दिशेला एक पौंड जोर लावला तर खाली अर्धा पौंड मिळतो. त्याचं पेटंट १९५० च्या दशकातलं. मुदत संपून कित्येक दशकं झाली, आणि त्यानंतर तैवान, चीन, भारत सगळीकडे हीच यंत्रणा वापरली जाऊ लागली. आज बाजारात 'अँगल लॉक टाइप' म्हणून मिळणारे सहा इंची व्हाईस त्याच घराण्यातले.

म्हणजे आतली यंत्रणा तुम्ही घेतलीत आणि शेजाऱ्यानेही घेतली, तर तो तुमचा चोर ठरत नाही. दोघांनीही सार्वजनिक विहिरीचं पाणी भरलंय.

मग हुबेहूब तसा व्हाईस बनवून विकला तर चालेल?

यंत्रणा चालेल, नाव चालणार नाही. पेटंट संपतं; ट्रेडमार्क मात्र वेळेवर नूतनीकरण केलं की चालूच राहतो. दुसऱ्याचं नाव, त्याच्यासारखं वाटणारं नाव, त्याचा लोगो, त्याच्या कॅटलॉगमधले फोटो, यातलं काहीही उचलू नका. मॉडेल नंबरसुद्धा स्वतःचा द्या. गिऱ्हाइकाला व्हाईस कोणाचा हे स्वच्छ कळलं पाहिजे.

डिझाइन नोंदणी म्हणजे पेटंटच ना?

नाही. या एका गैरसमजापायी लोकांचे पैसे आणि वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

पेटंट हे काम करण्याच्या नव्या पद्धतीला मिळतं, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. डिझाइन नोंदणी दिसण्याला मिळते. २००० च्या डिझाइन कायद्यात व्याख्याच अशी आहे की आकार, ठेवण, नक्षी, रेषा किंवा रंग यांतलं जे तयार वस्तूत डोळ्यांना भावतं आणि केवळ डोळ्यांनीच पारखलं जातं, ते डिझाइन. बांधणीचं तत्त्व किंवा निव्वळ यांत्रिक साधन त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. ही नोंदणी १० वर्षं टिकते आणि मुदत संपण्याआधी अर्ज केला तर आणखी ५ वर्षं वाढते.

जबड्याच्या पोटातला नट गिऱ्हाइकाला दिसतच नाही. तो डिझाइन म्हणून नोंदवायला गेलात तर हाती काही लागणार नाही. उलट बॉडीच्या बाजूची वेगळी घडण, चिप, म्हणजे कातलेल्या धातूचा कीस, वाहून जाण्यासाठी दिलेल्या उतारांची एकूण ठेवण, जबड्याची बाह्यरेषा, हे दिसतं. तो आकार केवळ कामाच्या गरजेने आलेला नसेल आणि खरंच नवा असेल, तर नोंदवता येतो. स्वतंत्रपणे बनवून विकता येणारा भागही, म्हणजे उदाहरणार्थ हँडल, वेगळा नोंदवता येतो.

अर्ज ऑनलाइन करता येतो, मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयातही देता येतो. डिझाइनचं काम कोलकात्याचं कार्यालय बघतं. २०२१ च्या दुरुस्तीने व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगासाठी अर्जाची सरकारी फी १,००० रुपये ठेवली, इतरांसाठी ४,०००. एका सहा इंची व्हाईसच्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव कामाला, त्या हजार रुपयांहून जास्त पैसे जातात. तरीही आपल्या भागात नोंदणी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोंदणी झाली की मालावर तशी खूण आणि क्रमांक टाका. खूण नसेल तर पुढे नुकसानभरपाई मागताना अडचण येते.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघाली आहे. मग पेटंट मिळायलाच हवं ना?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं आहे, आणि तेही जॉब पकडण्याच्याच साधनावर. पेटंटचा विषय निघाला की देशभरातले वकील हा खटला सांगतात, पण आपल्या धंद्यातल्या फार थोड्यांना तो माहीत असतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिर्झापूर हे भांड्यांचं गाव. तिथे ताटं, परातींसारखी उथळ भांडी लेथवर कातून-घासून चकचकीत करत. जुन्या रीतीत भांडं गरम करून लाखेसारख्या चिकट पदार्थाने हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या टोकाला, चिकटवायचं किंवा चकच्या जबड्यात धरायचं. चिकटवलेलं भांडं फिरता फिरता सुटून उडायचं, आणि चकमध्ये धरलं की पोचे पडायचे. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या तिथल्या फर्मने भांडं दोन्ही बाजूंनी, हेडस्टॉकवरचा अडॅप्टर आणि समोरच्या टोकाच्या टेलस्टॉककडचा दाबणारा स्पिंडल यांच्यामध्ये धरायची व्यवस्था केली आणि १९५१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मने तसंच केलं. दावा झाला. समोरच्यांनी उलट मागणी केली की पेटंटच रद्द करा.

अलाहाबाद उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, खंडपीठाने ते परत जिवंत केलं, आणि शेवटी १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचं रद्द ठरवलं. कारण असं की जॉब हेडस्टॉक आणि टेलस्टॉकच्या मध्ये धरणं ही लेथवर पूर्वापार चालत आलेली गोष्ट. तिच्यात केलेला बदल म्हणजे कारखान्यात कोणताही कसबी कारागीर करील अशी सुधारणा. पेटंटला तेवढं पुरत नाही. त्यात शोधाची पायरी हवी.

त्या काळच्या १९११ च्या कायद्यात पेटंटची मुदत १६ वर्षं होती. म्हणजे पेटंट टिकलं असतं तरी अंतिम निकालाच्या दहाएक वर्षं आधीच ते संपलं असतं. हे लक्षात ठेवा आणि मगच 'कोर्टात बघून घेईन' म्हणा.

त्यामुळे व्हाईसमध्ये काही बदल सुचला की मी स्वतःला विचारतो: चांगला टूलरूममधला माणूस, हीच अडचण समोर ठेवली तर, दुपारच्या चहापर्यंत हाच उपाय काढील का? काढणार असेल तर पेटंटच्या मागे लागत नाही. दोन माहीत असलेल्या वस्तू शेजारी शेजारी जोडल्या आणि दोन्ही आपापलं जुनंच काम करत राहिल्या, तर त्यालाही आपला कायदा शोध मानत नाही.

आधी प्रदर्शनात मांडून बघतो, प्रतिसाद आला तर अर्ज करतो. चालेल?

नाही, नाही, नाही. बेंगळुरूच्या इमटेक्स या मशीन टूल प्रदर्शनात स्टॉलवर नवा व्हाईस मांडलात, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले, पत्रक छापलंत, की पेटंटला आणि डिझाइनला लागणारा नवेपणा संपला. तुम्ही स्वतःच उघड केलंत तरी तो संपतोच. कायद्यात प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, आणि डिझाइनच्या बाबतीत मांडण्याआधी नोंदणी बघणाऱ्या सरकारी कंट्रोलरला कळवावं लागतं व सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. अर्ज करा, मग स्टॉल लावा.

समोरच्याने माझीच नक्कल केली हे सिद्ध कसं करायचं?

मोजून. आणि शक्यतो चुका मोजून.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या जुन्या सहा इंची मॉडेलला बॉडीच्या मागच्या अंगाला एम आठचं आटे पाडलेलं एक भोक होतं. तिथे चिपगार्ड लावायचा विचार होता, तो पुढे सोडून दिला. ड्रॉइंगमधून भोक काढायचं मात्र राहून गेलं. त्याचा कशालाही उपयोग नव्हता. दोन-अडीच वर्षांनी एका गिऱ्हाइकाच्या शॉपमध्ये व्हीएमसी या संगणकीय मिलिंग मशीनच्या टेबलावर निळा रंग दिलेला, दुसऱ्याच नावाचा व्हाईस दिसला. मी सहज मागे हात फिरवला आणि बोट भोकात गेलं. तेच भोक, तिथेच, तेवढंच खोल.

पण थांबा. भोकाने फक्त इतकंच कळलं की आमचा व्हाईस किंवा आमचं ड्रॉइंग समोर ठेवून तो बनवलाय. बाजारातून व्हाईस विकत घेऊन, खोलून, मोजून बनवणं हा गुन्हा नाही. आमची नोंदणी नव्हती. खरा प्रश्न वेगळा होता: आमचा पॅटर्न, म्हणजे कास्टिंगसाठी वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना, वापरला का?

इथे बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, स्वभाव कामी आला. बीड थंड होताना आकसतं, साधारण फुटाला एक सूत, म्हणजे शेकडा एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा बनवतात. कोणी तयार कास्टिंगच पॅटर्न म्हणून वाळूत दाबलं तर त्याचा माल पुन्हा शेकडा एकने लहान येतो. २४० मिलिमीटरच्या अंतराला सव्वादोन ते अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. साध्या व्हर्नियरवर दिसतो. मोजायचं मात्र मशीन न केलेल्या जागी, रिब ते रिब, आणि एकाच जागी नाही तर आठ-दहा ठिकाणी, कारण कास्टिंग थोडं इकडेतिकडे असतंच.

आम्ही गिऱ्हाइकाच्या परवानगीने मोजलं. मापं आमच्या कास्टिंगशी जुळली, लहान नव्हती. शिवाय आमचा लाकडी पॅटर्न एकदा पडून कोपरा दुखावला होता आणि तिथे पुट्टी भरली होती. त्याची तांदळाच्या दाण्याएवढी फुगीर खूण आमच्या प्रत्येक कास्टिंगवर यायची. ती निळ्या रंगाखालीही होती. पूर्ण माप आणि पॅटर्नची खूण दोन्ही एकत्र असतील, तर कास्टिंग त्याच पॅटर्नचं. म्हणजे ओतकाम करून देणाऱ्या फाउंड्रीत आमच्या पॅटर्नवर दुसऱ्याचं काम झालं होतं. माझी चूक अशी की त्या फाउंड्रीशी एका ओळीचाही करार नव्हता. पॅटर्न दिल्याचं चलनसुद्धा सापडलं नाही. आम्ही पॅटर्न उचलून आणला आणि फाउंड्री बदलली. पुढे काही करता आलं नाही.

आज थ्रीडी स्कॅन करून संगणकावर शेकडा एक वाढवून नवा पॅटर्न बनवता येतो, तेव्हा ही परीक्षा पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. तरी सुरुवात तिथूनच करा, आणि मोजताना फोटो, तारीख, बिल घेऊन विकत आणलेला नमुना, सगळं जपून ठेवा.

फाउंड्री आणि पॅटर्नमेकरकडून काय लिहून घ्यावं?

दोन पानं पुरतात. पॅटर्न आणि ड्रॉइंग आमच्या मालकीची आहेत. त्यावर फक्त आमच्या ऑर्डरचं कास्टिंग होईल. काम संपलं की परत मिळतील. माहिती कोणाला देणार नाही. पॅटर्न देताना चलन, त्यावर नंबर आणि फोटो. ड्रॉइंगवर 'गोपनीय, केवळ अमुक कामासाठी' असा शिक्का.

व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण विश्वासाने दिलेली माहिती वापरू नये हे तत्त्व न्यायालयं मानतात. १९८७ च्या जॉन रिचर्ड ब्रॅडी खटल्यात चारा पिकवण्याच्या यंत्राची ड्रॉइंग एका पुरवठादाराला पॅनेल बनवण्यासाठी दिली होती. त्याने तसंच यंत्र बाजारात आणलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. नोंदणीपेक्षाही लहान कारखान्याला हा कागद जास्त वेळा उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

ड्रॉइंगवर माझा कॉपीराइट आपोआप आहे. तेवढं बास नाही का?

ड्रॉइंगवर आहे. पण डिझाइन म्हणून नोंदवता आली असती अशी वस्तू न नोंदवता कारखान्यात ५० हून जास्त वेळा बनवली की तो कॉपीराइट संपतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमात हे आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने क्रेनच्या ड्रॉइंगवरून दावा केला तेव्हा त्यांची वाट याच कलमाने अडवली. एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स इंडिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ काम निव्वळ कलाकृती आहे की उद्योगात वापरायचं डिझाइन, आणि त्यातलं मुख्य अंग उपयोगाचं आहे की सौंदर्याचं, हे तपासावं लागेल. व्हाईसचं ड्रॉइंग कुठल्या बाजूला पडेल ते तुम्हीच बघा. ५० व्हाईस म्हणजे आपल्याकडे दोन-तीन महिन्यांचं काम.

माझा डिझाइनर सोडून गेला आणि समोरच्याकडे लागला. त्याला अडवता येईल?

नोकरीत असतानाची बंधनं टिकतात. १९६७ चा गोलिकरी खटला आपल्या कल्याणचाच: सेंच्युरी रेयॉनमधला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून कोट्याच्या कंपनीत गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. पण नोकरी रीतसर संपल्यावर 'व्हाईस बनवणाऱ्या कुठेही काम करायचं नाही' अशी अट करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली रद्दबातल ठरते. हातातलं कसब त्याचं आहे, ते त्याच्याबरोबर जाणारच. पेन ड्राइव्हवरची तुमची मॉडेलं त्याची नाहीत.

डिझाइनमध्ये दोन-चार बदल केले की आपण सुटतो, असं म्हणतात. खरं का?

असा काही आकडा कायद्यात नाही. न्यायालय दोन्ही वस्तू शेजारी ठेवून डोळ्यांनी एकूण छाप बघतं. मुंबई उच्च न्यायालयात २०१४ साली व्हर्लपूलने व्हिडिओकॉनवर वॉशिंग मशीनच्या आकारावरून दावा केला. व्हिडिओकॉनने स्वतःचंही डिझाइन नोंदवलेलं होतं, तरी मनाई मिळाली. रंग बदलणं आणि कोपरा थोडा गोल करणं याने काम भागत नाही.

माझं नाव कास्ट केलेला बनावट माल बाजारात आलाय. काय करू?

हा नुसत्या नकलेचा प्रश्न राहत नाही, हा गुन्हा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटा ट्रेडमार्क लावल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी, ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घेऊन, वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. नाव नोंदवलेलं असेल तर तक्रार करणं बरंच सोपं जातं, म्हणून व्हाईस बाजारात आणण्याआधी ते करून टाका.

डिझाइनची चोरी सिद्ध झाली तर पैसे किती मिळतात?

एकतर दर उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० पर्यंत, किंवा मनाई हुकूम आणि प्रत्यक्ष नुकसानभरपाईचा दावा. माझ्या पाहण्यात लोकांना खरा उपयोग मनाई हुकमाचा होतो. पण समोरचा 'ही नोंदणीच चुकीची, हा आकार जुना आहे' असा बचाव घेऊ शकतो, आणि तसा घेतला की खटला जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जातो. म्हणून नोंदणीआधी जुने कॅटलॉग प्रामाणिकपणे चाळा.

नोटीस पाठवू का? आणि मला आली तर?

राग निवेपर्यंत पाठवू नका. हक्क नसताना धमकीची नोटीस दिली तर समोरचाच तुमच्यावर दावा करू शकतो. पेटंट, डिझाइन, ट्रेडमार्क तिन्हींत ही तरतूद आहे. तातडीची मनाई मागायची नसेल तर व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. मला विचाराल तर मध्यस्थीची ती खोली चांगली जागा आहे. एकाच एमआयडीसीत राहायचं असतं, एकाच हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रांग लावायची असते.

नोटीस आली तर घाबरून उत्पादन बंद करू नका आणि ती नोटीस कचऱ्यातही टाकू नका. नोंदणी क्रमांक मागा, आयपी इंडिया या सरकारी संकेतस्थळावर तो शोधा, चालू आहे का बघा, आणि तुमचा व्हाईस त्या तारखेआधीपासून विकत होतात का याची बिलं काढा.

आम्ही अमेरिकेला माल पाठवतो. तिथे काय?

नोंदणी त्या त्या देशापुरती असते. भारतात केलेली तिथे चालत नाही, तिथली इथे नाही. भारतातल्या अर्जानंतर सहा महिन्यांत तिथे डिझाइनचा अर्ज केला तर इथली तारीख मिळते. जुन्या यंत्रणेबद्दल तिथलाही नियम स्वच्छ आहे: २००१ च्या ट्रॅफिक्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संपलेल्या पेटंटमध्ये जे अंग मांडलेलं होतं ते कामाचं अंग असल्याचा तो भक्कम पुरावा आहे, आणि कामाच्या अंगावर 'हे आमचं ओळखचिन्ह' असा हक्क सांगता येत नाही.

मी दुसऱ्याचा व्हाईस खोलून, मोजून शिकलो. यात चूक आहे का?

नाही. मीही तसाच शिकलो. आमच्या शॉपमध्ये एक विदेशी व्हाईस आठवडाभर टेबलावर उघडून ठेवला होता, आणि त्याच्या जबड्याच्या खालच्या ग्राइंडिंगवरून हात फिरवताना मला पहिल्यांदा कळलं की तीन मायक्रॉन म्हणजे काय. ज्याचं पेटंट संपलंय, ज्याची नोंदणी नाही, जे विश्वासाने दिलेलं नाही, ते मोजा, समजून घ्या, बनवा. त्यावर स्वतःचं नाव घाला आणि हार्डनिंग नीट करा.